दूधदुभतं सोडलंय आणि सासरच्या गोतावळ्यासोबत कोकण-गोवा: खायचं काय, सांगायचं कसं?

दडपेपोहे

नमस्कार मंडळी. यंदा सासऱ्यांच्या मनात आलंय की सगळ्यांनी मिळून आंगणेवाडीला भराडीदेवीच्या जत्रेला जायचं. ही तारीख तिथीवर नसते, देवीचा कौल मिळाला की ठरते. त्यामुळे तारीख कळली त्या दिवशी आमच्याकडे आधी तिकिटांसाठी धावपळ झाली आणि रजेचं नंतर बघितलं. आम्ही अकरा जण. जत्रेनंतर दोन दिवस कुडाळजवळ आत्येसासूबाईंकडे, मग दोन दिवस गोवा, आणि येताना पुण्यात माझ्या माहेरी.

मी पुण्याची, जन्मापासून शाकाहारी. सासर मालवणी, पक्कं मासेखाऊ. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण माशांवरून कधी वाजलं नाही. त्यांच्या ताटात सुरमई, माझ्या ताटात उसळ, टेबल एकच. चार वर्षांपूर्वी मात्र मी दूधदुभतंही सोडलं. दही, ताक, तूप, पनीर, सगळं. का सोडलं ते लिहीत बसत नाही. एका तबेल्याशेजारी दोन वर्षं भाड्याने राहिले आणि रेडकांचं काय होतं ते खिडकीतून बघितलं, एवढंच. (मधाचं विचारू नका, तो वाद घरात अजून चालू आहे.)

ठाण्यात घरी काही अडत नाही. प्रवासात अडतं, आणि ते खाण्यापेक्षा बोलण्यावर जास्त. 'मासे नकोत' म्हटलं की लोक मान डोलावतात. 'तूप नको' म्हटलं की वाढणाऱ्याचा हात हवेतच राहतो. गेल्या वर्षी एका लग्नात वाढणाऱ्या काकूंनी नको म्हणत असतानाही वरणभातावर तूप सोडलं, वर 'तूप म्हणजे काय मांस आहे का गं?' मी तो भात बाजूला सारला, तर पंगतीतल्या चार बायकांनी तब्येतीची चौकशी केली. चौथीने दिवस गेलेत का म्हणून विचारलं.

तर तिकडे काय काय खाता येईल ते सांगा. आणि आत्येसासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. फोनवर आधी सांगू की पोचल्यावर?

तिरफळ

ताई, मी देवगडचा, मासे सोडणं मला या जन्मी जमणार नाही. पण कोकणात दुधावाचून तुमचं अडेल ही भीती काढून टाका. आमच्याकडची गाय मुळात लहानखुरी, दूध देणार ते वासराला पुरून चहापुरतं. आता घाटावरून पिशव्या येतात म्हणून नाहीतर दूध ही रोजची गोष्ट कधी होती? त्याची जागा नारळाने घेतली. घावणे घ्या, तांदळाचं पीठ, पाणी आणि मीठ, बास. सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. शिरवाळेही, म्हणजे तांदळाच्या शेवया, त्याच रसात. सोलकढी म्हणजे कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध. आंबोळी-चटणी, कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबार. कोंबडी-वडे म्हणून त्या वड्यांचं नाव उगाच कोंबडीला चिकटलंय, वड्यात कोंबडी नसते हो. आणि तुम्ही जाताय त्या दिवसांत ओले काजूगर मिळाले तर उसळ सोडू नका. बाकी कशाचंही हुकलं तर चालेल.

सावध राहायचं ते दुधापासून नाही, जवळ्यापासून, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोलंबीपासून. आमच्याकडे वांगं, गवार, दुधी, कशातही चिमूटभर सुकट किंवा चार सोडे पडतात, आणि करणारी बाई मनापासून म्हणेल 'भाजीच आसा'. तिच्या लेखी ती भाजीच असते. म्हणून 'शाकाहारी आहे का' विचारू नका, 'सुकट घातलंय का' असं विचारा.

तव्याचं तुमचं तुम्ही ठरवा. खानावळीत घावणा आणि बांगडा एकाच तव्यावर असू शकतात. घरात तसं नसतं, घावण्याचा बिड्याचा तवा बायका वेगळा ठेवतात, त्यावर मासे टाकले तर घरात महाभारत होतं.

मोठ्या हॉटेलात जाऊ नका. तिथे शाकाहारी म्हणजे पनीर, आणि त्यावर मलई.

खडीसाखर

स्पष्ट बोलतो, राग नसावा. शाकाहार समजू शकतो, आम्हीही शाकाहारीच. पण दूध-तूप सोडणं हे परदेशातून आलेलं फॅड आहे. आपल्याकडे देवाला पंचामृत लागतं. पाहुण्याने यजमानाला कामाला लावू नये, पानात पडेल ते खावं. चार दिवस तूप खाल्ल्याने काही होत नाही.

दडपेपोहे

खडीसाखर, 'व्हीगन' हा शब्द परदेशातलाच आहे. १९४४ साली इंग्लंडमध्ये काही मंडळींनी दूध-अंडी न खाणाऱ्या शाकाहाऱ्यांसाठी बनवला. पण तिरफळ यांनी वर सांगितलेलं जेवण तर परदेशातलं नाही ना? आणि 'पानात पडेल ते खावं' हा नियम तुम्ही माझ्या सासरी येऊन सुरमईला लावाल का? नाही म्हणाल, आणि कुणी तुम्हाला काही बोलणारही नाही. तुमच्या नाहीला मान आहे, माझ्या नाहीला नाही, माझी तक्रार तेवढीच.

तिरफळ, जवळ्याचं सांगितलंत ते बरं झालं. चौदा वर्षांत सासूबाईंच्या हातची गवार मी किती वेळा खाल्ली ते आता आठवत बसलेय.

पोदेराची सायकल

गोव्यात 'व्हीगन' म्हणालात तर किनाऱ्यावरचे लोक परदेशी पर्यटकांमुळे लगेच समजतील आणि बिलातही ते दिसेल. गावातल्या साध्या खानावळीत 'शिवराक' म्हणा. म्हणजे मासे-मांस नाही. दुधाचं मात्र वेगळं सांगावं लागेल. शक्य असेल तर सोमवार गाठा, त्या दिवशी कितीतरी हिंदू घरांत मासे शिजत नाहीत, त्यामुळे अळसांद्यांचं तोणाक, मुगागाठी, खतखतं असं काहीबाही केलेलं असतं. खतखत्यात कांदा-लसूण नसतो, तिरफळ मात्र हवंच (मसाल्यातलं, वरचे गृहस्थ नव्हे). सकाळी पातळभाजी आणि पोयी. पोयी म्हणजे कोंड्याचा पाव, पोदेराकडून (पाववाल्याकडून) गरम घेतली तर सोबत काही नसलं तरी चालतं.

गोडात दोदोल. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, काळा गूळ. कुणी तूप लावतात, विचारून घ्या. बेबिंका नको, त्यात अंडी.

रातांबा

गाडीत 'कोरा चहा' मागा. नाही म्हणाले तर गरम पाणी आणि स्वतःची गवती चहाची पुरचुंडी. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, दूध असलेल्या पदार्थावरही तोच ठिपका असतो. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ साली व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले, त्यांची निराळी हिरवी खूण आहे, पण ती स्टेशनवरच्या वेफर्सवर शोधत बसू नका. घरून तिखटमिठाच्या पुऱ्या न्या.

आत्येसासूबाईंना सरळ सांगा की ॲलर्जी आहे. मी सहा वर्षं हेच सांगतेय. पुढचे प्रश्नच येत नाहीत.

दडपेपोहे

रातांबा, ते करून बघितलंय. खोटं आजारपण सांगितलं की लोक औषध सांगतात. आणि मला आजार नाहीये, मी ठरवलंय. निदान घरच्यांना तरी खरं सांगावंसं वाटतं.

दडपेपोहे (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, बघू.

आत्येसासूबाईंना जायच्या दोन दिवस आधी फोन केला. शब्द जुळवून ठेवले होते. म्हटलं, आत्या, मी आता दूध-तूप-दही काही खात नाही. पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न: 'नारळ चालता मां?' चालतो म्हटलं. 'मगे झाला.' फोन ठेवला. कारण विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही.

दोन दिवसांत मी काय खाल्लं ते सांगितलं तर खडीसाखर गाडी पकडतील. काजूगर मिळाले. कोवळ्या फणसाची भाजी झाली. दुसऱ्या दिवशी शिरवाळे, साच्यातून पाडायला नवऱ्याला बसवलं, त्याच्या दंडात अजून गोळे आहेत. बाकी दहा जणांना मोरी, तिसऱ्या, जे जे म्हणून होतं ते होतंच, पण संध्याकाळपर्यंत त्यातले चार जण माझ्या पातेल्यात डोकावत होते. कामाला लावलं का? हो, लावलं. मीही लागले, तीन नारळ खवले.

जत्रेत हातावर पेढा पडला. तो मी नवऱ्याच्या हातावर ठेवला. कुणी बघितलं नाही.

गंमत पुढे आहे. निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या बाई आल्या, मला खरवस घेऊन. घरची गाय व्यायलेली, चिकाचा, वर जायफळ. त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून माझं सगळं ठरवणं घशातच राहिलं. आत्या आतून म्हणाल्या, 'आमच्या सुनेक दूध बाधता.' संपलं. बाई हळहळल्या, खरवस नवऱ्याने खाल्ला. रातांबा, तुमची ॲलर्जी मी न मागता माझ्या पदरात पडली, आणि मी गप्प बसले. आत्यांनी मला सांभाळून घेतलं, की शेजारणीला दुखवायचं नव्हतं, की त्यांना खरंच बाधतं असंच वाटतंय, हे कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

गोव्यात सोमवार हुकला. पण पोयी आणि पातळभाजीवर दोन सकाळी मजेत गेल्या. दोदोल विचारून घेतलं, दुकानदार म्हणाला तूप नाही, म्हणून विश्वास ठेवला.

मग पुणे. आईकडे एकच रात्र. वरणभात वाढला, तुपाची वाटी उचलली, माझ्याकडे बघितलं, खाली ठेवली. चार वर्षांत पहिल्यांदाच न सांगता ठेवली, म्हणून मला बरं वाटलं. मी उत्साहात कुडाळचं सगळं सांगायला लागले, काजूगर, शिरवाळे, 'नारळ चालता मां'. आई ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, 'त्यांच्याकडे मासे शिजलेल्या घरात तू पोटभर जेवलीस. माझ्या हातचं कढवलेलं तूप तेवढं चालत नाही.'

यावर काय उत्तर देता येतं ते कुणाला सुचलं तर लिहा. खडीसाखर, तुम्हीही लिहा.

आणि हो, आत्यांनी आगळाच्या दोन बाटल्या दिल्यात. एक आईकडे ठेवून आलेय.