‘इलिसिटर’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दखोडी: द्राक्षबागायतदारांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. विषय आहे वनस्पतिजन्य अर्कांचा. ते बुरशीला थेट मारण्यापेक्षा पिकाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. इंग्रजीत इलिसिटर. ‘उत्प्रेरक’ चालेल?

पाटीपेन्सिल: नको. उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट, संप्रेरक म्हणजे हार्मोन. ‘उद्दीपक’ मानसशास्त्रवाल्यांनी नेला, आणि ‘उत्तेजक’ म्हटलं की खेळाडूंची लघवीतपासणी आठवते. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘आतलं ओढून बाहेर काढणे’. तो यातल्या एकातही नाही.

बांधावरून: ताई, दुकानात याला सरसकट ‘टॉनिक’ म्हणतात. टॉनिक म्हटलं की माणूस कधीही मारतो. ‘औषध’ म्हटलं तर भुरी (पानावर पांढरी पूड धरणारा बुरशीरोग) दिसेपर्यंत थांबतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. मी एकदा तसंच केलं. सखालीन बेटाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका वनस्पतीचा अर्क आणला आणि पानं पांढरी पडल्यावर फवारला. पैसे पाण्यात. रोग यायच्या आधी फवारायचं, हे शब्दातच दिसलं पाहिजे.

शब्दखोडी: मग ‘पिकाची लस’?

पाटीपेन्सिल: ऐकायला छान, पण फसवं. लस एका ठरावीक रोगाची ओळख पटवते, इथं सावधगिरी सरसकट असते. १९६१ साली वनस्पतिरोगतज्ज्ञ रॉस यांनी तंबाखूच्या काही पानांवर मोझॅक विषाणू चोळला, तर त्याच झाडाची दुसरी पानंही पुढच्या लागणीला दाद देईनात. आणि फक्त त्याच विषाणूला नव्हे, इतर काही विषाणूंनाही. १९७९ मध्ये संशोधक व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत चक्क ॲस्पिरिन टोचलं आणि विषाणूचे डाग घटले. ॲस्पिरिनचा मूळपुरुष सॅलिसिलिक आम्ल, आणि त्याचं नाव आलं विलोच्या लॅटिन नावावरून, सॅलिक्स. आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज त्याच कुळातला. झाड हे आम्ल आतल्या आत निरोप द्यायला वापरतं.

बांधावरून: म्हणजे फवारा म्हणजे नुसती आरोळी. काम झाडच करतं.

पाटीपेन्सिल: अगदी. आणि द्राक्षवेलीचं त्या वेळचं हत्यार म्हणजे रेसव्हेराट्रॉल, लाल वाइनमुळे गाजलेलं तेच. अशा द्रव्यांना फायटोअलेक्सिन म्हणतात, ग्रीकमध्ये ‘झाडाचं परतवून लावणारं’.

शब्दखोडी: आरोळीवरून आठवलं, आजोबा ज्वारीला रात्री जागल करायचे. इलिसिटरला ‘जागल्या’ म्हटलं तर?

पाटीपेन्सिल: शब्द सुरेख, पण माणूस चुकला. जागल्या पानातच असतो, म्हणजे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर), धोक्याची खूण ओळखणारे. इलिसिटर त्याला हलवून उठवतो. ‘जागवणारा’ म्हणा हवं तर. शास्त्रीय लेखात मी ‘प्रतिकारप्रेरक’ वापरेन. रुक्ष आहे, पण गोंधळ होत नाही.

बांधावरून: जागलीचं एक खरं आहे. रोज रात्री जागवलंत तर माणूस दिवसा कामाचा राहत नाही. झाडाचंही तेच, ताकद बचावात गेली की मण्याच्या फुगवणीला कमी पडते. पत्रकात हेही टाका.

शब्दखोडी: टाकते. मथळ्यात ‘प्रतिकारप्रेरक’ आणि खाली ठळक: ‘भुरी दिसण्याआधी फवारा.’ ‘जागल’ मजकुरात कुठंतरी घुसवतेच. दादा, ‘फुगवण’ शब्द तसाच ठेवू ना?

बांधावरून: तसाच. दुसरा कुणाला कळणार नाही.