शब्दचर्चा: ‘तुमच्या माघारी’ की ‘तुमच्या पश्चात’?

वेण्णाकाठ (सातारा):
आईला जाऊन येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. तिच्या वह्यांतल्या ओव्यांचं लहानसं पुस्तक छापून वर्षश्राद्धाला नातलगांच्या हातात द्यायचं, असं आम्हा भावंडांचं ठरलंय. काल मुद्रितं तपासून आली. वडील गेल्यानंतर तिनं लिहिलेल्या दोन ओळी अशा:

तुमच्या माघारी जाई मांडवी चढली,
माघारी यावं अशी वाट कुठं उरली.

तपासणाऱ्यांनी पहिल्या ओळीतलं ‘माघारी’ खोडून ‘पश्चात’ केलंय. समासात लिहिलंय, ‘माघारी म्हणजे परत. इथे अर्थ लागत नाही.’ आमच्या घरी तर ‘नवऱ्याच्या माघारी पोरं वाढवली’ असंच म्हणतात. हा फक्त आमच्या भागातला वापर आहे का? छापताना चूक समजतील का?

हरिपूरकर (सांगली):
चूक मुळीच नाही. कृपा करून तो शब्द परत घ्या.

मूळ ‘माग’ आहे. माग म्हणजे गेलेल्याच्या पावलांची खूण, जिच्यावरून चोराचा ‘माग काढतात’. संस्कृत ‘मार्ग’ तोच. ‘मागे’, ‘माघार’, ‘माघारी’ सगळे त्याच कुळातले. ज्ञानेश्वरीत भेटणारं ‘मागुती’, म्हणजे पुन्हा, हेही तिथलंच. गेल्या वाटेनं उलट आला तर तो माघारी आला. तो गेला आणि आपण त्याच्या वाटेकडे बघत राहिलो, तर आपण त्याच्या माघारी राहिलो. कोणता अर्थ हे ओळखायला खूण सोपी आहे. आधी ‘तुमच्या’, ‘बापाच्या’, ‘तिच्या’ असं काही आलं की गैरहजेरी, शब्द एकटा आला की परतणं. तुमच्या आईंनी दोन ओळींत दोन्ही अर्थ ठेवलेत. ‘पश्चात’ घातलं की दुसऱ्या ओळीतल्या ‘माघारी’ला धरायला काही उरत नाही, कविताच जाते.

आणखी एक. माघारी म्हणायला माणूस मेलेलाच असावा लागत नाही. माझी आजी पंढरीला निघताना सांगायची, ‘माझ्या माघारी म्हशीची आबाळ करू नका.’ शेवटच्या दुखण्यात अंथरुणावरून म्हणाली, ‘माझ्या माघारी भांडू नका.’ शब्द तोच, आवाजही तोच. म्हैस विकून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी मला आधी म्हशीचीच आठवण झाली.

जतकर:
वरच्याशी सहमत, पण ‘पश्चात’ला इतकं परकं करू नका. त्याचाही अर्थ मुळात ‘मागून’ एवढाच. ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागून होणारा ताप. वर्तमानपत्रात ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना असा परिवार आहे’ हे वाक्य इतक्यांदा छापून येतं की त्या शब्दाला आता निधनवार्तेचाच वास येतो. बातमीत तो ठीक आहे. बायको नवऱ्याशी बोलताना ‘तुमच्या पश्चात’ म्हणणार नाही.

जात्यावरच्या ओव्यांत ‘माघारीण’ येते तीही पाहा. सासरहून माहेरी आलेली लेक. तिथं याच शब्दात येण्याचा आनंद आहे.

वाईचा वाचक:
हा धागा वाचून माझा एक अडलेला परिच्छेद पुन्हा उघडला. येसूबाईंवर लिहितोय. १६८९च्या मार्चमध्ये संभाजीराजांचा वध झाला, त्याच वर्षी रायगड पडला आणि त्या लहानग्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहूराजे १७०७ साली सुटले, पुढच्या वर्षी साताऱ्यात गादीवर बसले. आई तिकडंच राहिली. बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले, तेव्हा कुठं १७१९ साली त्यांची सुटका झाली. तीस वर्षं!

मी लिहिलं होतं, ‘राजांच्या माघारी तीस वर्षं काढून आऊसाहेब माघारी आल्या.’ मग वाटलं, दुसरं ‘माघारी’ खोटं आहे. त्या गेल्या रायगडावरून, आल्या साताऱ्याला. जिथून निघालो तिथंच आलो तरच माघारी ना? रायगड तर कधीच हातचा गेलेला. म्हणून ते खोडून ‘साताऱ्यास पोहोचल्या’ केलं आणि वाक्य डाकेच्या पाकिटासारखं झालं.

हरिपूरकर:
आईनं लेकाकडं येणं हे माघारीच. गावावर जाऊ नका. ‘माघारी आल्या’ ठेवा, पण त्याला ‘साताऱ्यास’ जोडू नका. ‘लेकाकडं माघारी आल्या’ करून बघा. आणि तुमच्या पात्रांच्या तोंडी ‘निधन’ येऊ देऊ नका, ही हात जोडून विनंती. जुन्या पत्रांत ‘देवाज्ञा झाली’, ‘कैलासवासी झाले’ असं सापडतं. अलीकडच्या कादंबऱ्यांतले सरदार एकमेकांना निधनवार्ता कळवताना दिसले की मी पुस्तक मिटतो.

वाईचा वाचक:
‘लेकाकडं माघारी आल्या.’ बसलं. आभार.

वेण्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. हरिपूरकर, तुमची खूण तपासणाऱ्यांना फोनवर वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘माझी आईपण असंच म्हणायची, पण छापताना ते चालत नाही असं डोक्यात बसलंय.’ त्यांनी स्वतःच ‘पश्चात’ काढलं.

धाकट्या बहिणीचं म्हणणं, तळटीप देऊ, पुण्या-मुंबईच्या नातवंडांना कळणार नाही. मी नको म्हणालो. ज्याला कळणार नाही तो घरात कुणाला तरी विचारेल, आणि सांगणारी माणसं अजून आहेत. तिला ते पटलं. पुस्तक सोमवारी छापायला जातंय.