काउंटरवरच्या स्टाफला भावनिक बुद्धिमत्ता शिकवायची कशी?

प्रश्न: नोव्हेंबरात आमच्या बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागते, आवाज चढतात. स्टाफला दिवसभराचं लेक्चर दिलं, फरक शून्य. काय करावं?

उत्तर १: लेक्चर नकोच. शाखा उघडण्याआधी २० मिनिटं, तिघांचा गट: एक ग्राहक, एक क्लार्क, एक नुसता बघणारा. प्रसंग खरा घ्या. अंगठ्याचा ठसा उमटत नाही, आजोबा चिडलेत. "सिस्टीम घेत नाही" हे वाक्य बंद. "दुसरी खेप ना काका? बसा, बोट पुसून बघू. नाहीच तर चेहऱ्याने ओळख पटवू." आधी त्रासाची दखल, मग उपाय. उलटं केलं की भडका उडतो.

उत्तर २: पाठ केलेलं "समजू शकतो सर" मात्र लगेच उघडं पडतं. शिवाय ८० वर्षांपुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच बोलवा, नोव्हेंबरची गर्दी तेवढी हलकी.

उत्तर ३: साहेबच सगळ्यांदेखत झापत असतील, तर पहिला नंबर त्यांचा लावा.