कातलेल्या वाटीवरचा रंग पसरतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. वडिलांच्या लेथवर (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) शिवणीच्या लाकडाच्या वाट्या कातून नक्षी करतोय.

काठाखाली बारीक खाच पाडतो आणि वाटी फिरत असताना तिच्यात पोलादी तार दाबतो. घर्षणाने काळीभोर रेघ उठते. (तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी लावाच, तार बोटाला कधीच गुंडाळू नका.) इथवर मस्त जमतं. दोन रेघांमधल्या पट्ट्यात पाण्यात कालवलेला लाल रंग भरला की मात्र तो रेघ ओलांडतो. तेही जिथे लाकडाचा आडवा छेद (तंतूंची कापलेली टोकं) येतो त्या दोन बाजूंनाच, आणि तिथे गडदही होतो.

आधी पातळ लाखेचा हात दिला तर रंग धरेना. चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग चढवतात, ते माहीत आहे. पण माझ्या पट्ट्यात कोरलेली पानं आहेत, कांडी खोलात कशी पोचणार?

स्पिरिटमधला रंग वापरू का? की आडव्या छेदावर तेवढी लाख पुसून घेऊ? सावंतवाडी, गोकाककडचे कुणी कारागीर असतील तर कृपया सांगा. सहा वाट्या बहिणीच्या रुखवतासाठी आहेत, त्या मनासारख्याच व्हायला हव्यात.