एका दिवसात होतं, पण टायर आधी बघा

दिवाळीत आईला घेऊन ठाण्याहून वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला गाडीने एका दिवसात जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमतं. आम्ही मावशीकडे तसेच जातो. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झालाय, त्यामुळे कसारा घाट टळतो. फक्त पहाटे चारला निघा, नाहीतर ठाण्यातल्या माजिवड्यापासूनच ट्रकच्या रांगेत अडकाल.

टायरबद्दल मात्र कळकळीने सांगतो. सिमेंटचा रस्ता आणि तासन् तास १२० चा वेग, टायर प्रचंड तापतात. निघण्याआधी, टायर थंड असतानाच हवा तपासा. झिजले असतील तर बदलाच. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून दर दोन तासांनी थांबा आणि शेजारी बसणाऱ्याला झोपू देऊ नका. आईसाठी दशम्या, पाणी घरूनच घ्या.

आमची मावशी फाटकातच भाकरतुकडा घेऊन उभी असते. ओवाळून टाकल्याशिवाय आईला उंबरा ओलांडू देत नाही. गुडघे धरत उतरलेली आई मग बहिणीचा हात रात्रीपर्यंत सोडत नाही. न्याच तुम्ही आईंना.