मदत हवी आहे : मोल काही डोक्यात शिरत नाहीये

बऱ्याच वर्षांनी रसायनशास्त्र पहिल्यापासून शिकतोय. अणू, रेणू, संयुजा इथवर गाडी बरी चालली होती, मोलपाशी येऊन रुतली. व्याख्या पाठ आहे: एक मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ कण. डझन म्हणजे बारा, तसंच हे, इतकं समजतं. १८ ग्रॅम पाण्यात एक मोल रेणू, हेही पटतं.

अडतं ते पुढे. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन मिळून दोन मोल पाणी. वस्तुमान बरोबर जुळतं, ४ अधिक ३२ म्हणजे ३६ ग्रॅम. मग तीन मोलचे दोनच कसे झाले? मी कागदावर गोळे काढून पाहिले. अणू सगळे जागेवर होते, सहाचे सहा. म्हणजे अणू तेवढेच राहतात आणि रेणूंची संख्या मात्र बदलू शकते, असंच ना?

दुसरं, १० ग्रॅम हायड्रोजन आणि १० ग्रॅम ऑक्सिजन घेतले तर मी बिनधास्त २० ग्रॅम पाणी लिहिलं. उत्तर ११.२५ ग्रॅम आहे म्हणे! पावणेनऊ ग्रॅम हायड्रोजन नुसताच उरतो. आकडेमोड करून उत्तर येतं हो, पण आधी कोण संपणार हे समीकरण बघून कसं ओळखायचं? ग्रॅमकडे बघितलं की माझी फसगत होते.

सूत्र नकोय, ते आहे माझ्याकडे. तुम्ही हे मनात कसं बसवलंत ते सांगाल का?