ग्रीन जिमला पैसा आहे, मैदानावरच्या माणसाला का नाही?

दिघोरीकर

नागपुरात मुलांच्या खेळावर सरकारी पैसा खर्च होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो. पण तो ग्रीन जिमच्या, म्हणजे बागेतल्या उघड्यावरच्या व्यायाम यंत्रांच्या, लोखंडावर होतो, पेव्हर ब्लॉकवर होतो आणि नावाच्या फलकावर होतो. संध्याकाळी दोन तास मैदानावर उभं राहून पोरांना खेळवणाऱ्या माणसावर होत नाही. माझी मागणी सरळ आहे. पुढची काही वर्षं नवी यंत्रं, नव्या कमानी बंद ठेवा आणि प्रत्येक प्रभागात एक पगारी क्रीडा मार्गदर्शक नेमा.

असं का झालं याचं उत्तर कुणाच्या वाईट हेतूत नाही, निधीच्या नियमांत आहे. खासदार निधीच घ्या. वर्षाला ५ कोटी रुपये, पण त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी राहिली पाहिजे ही अट. पगार, मानधन असा दरवर्षीचा खर्च त्यात बसतच नाही. मग शेड उभी राहते, एअर वॉकर येतो, नारळ फुटतो. आमच्या ले-आऊटच्या बागेतल्या एअर वॉकरची बेअरिंग गेली, तेव्हा दुरुस्ती कुणी करायची हे ठरवताना जेवढी पत्रं फिरली, तेवढ्या खर्चात बेअरिंग आली असती. आणि ही यंत्रं मोठ्या माणसाच्या उंचीची. दहा वर्षांच्या पोरानं त्यावर लोंबकळण्यापलीकडे काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगभरात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हलतच नाहीत. ती यंत्र नाही म्हणून बसून नाहीत. 'चला रे' म्हणणारं कुणी नाही म्हणून बसून आहेत.

आपल्या ओजस देवतळेचं उदाहरण बघा. २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीचा जगज्जेता, त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदकं. पोरगा नागपूरचा, घडला साताऱ्याच्या अकादमीत. जागा आपल्याकडे कमी होती म्हणून नव्हे, शिकवणारा तिकडे होता म्हणून.

आणि हे काम महापालिकेचंच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत.

हिशेबी

बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा आणि घनकचराही आहे, दिघोरीकर. तोही वाचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या तळमजल्यावर फ्रीज तरंगत होता. ज्या शहराला नाग नदीचं पात्र मोकळं ठेवता येत नाही, त्यानं प्रभागाप्रभागात कबड्डीचे मास्तर नेमायचे? आधी नाल्या करा.

दुसरं, तुमचंच उदाहरण तुमच्या अंगावर येतं. साताऱ्याची ती अकादमी महापालिकेची होती का? खासगी होती. शिकवणारा तळमळीचा होता, मुलाच्या घरच्यांनी झळ सोसली, पोरगं जगज्जेतं झालं. यात करदाता कुठे आला? ज्याला मुलाला खेळवायचं आहे तो ट्यूशनची फी भरतो तशी ही फीही भरेल. महिनाभराच्या कोचिंग क्लासचे पैसे बघा आणि मग लोकांकडे पैसे नाहीत असं म्हणा.

काहूनभाऊ

राजेहो, पगारी माणूस म्हणजे कोणाचा तरी भाचा लागते तिथं. पाच वाजता सही मारते अन् टपरीवर खर्रा चोळत बसते. मशीन निदान खोटी सही तर नाई करत ना.

पीटीचे सर

काहूनभाऊ, हसू आलं, पण असे भाचे मी पाहिलेले आहेत. तसे नसलेलेही पुष्कळ पाहिले. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिकवणारे विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना जमवून फुटबॉल सुरू केला. त्या कामाची दखल पुढे फिफानं घेतली. त्यांना कुठलं यंत्र मिळालं होतं? चिखल होता आणि चेंडू होता. हिशेबींना एवढंच सांगतो की असा माणूस पोरांसाठी उभा राहू शकला, कारण घरची चूल शिकवण्याच्या पगारावर पेटत होती.

मी स्वतः शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालो. प्रभागात नवी पदं काढण्याची गरज मला वाटत नाही. कायदा आधीच हातात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान आणि खेळाचं साहित्य सांगितलेलं आहे. सहावी ते आठवीत १०० च्या वर मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकही सांगितलेला आहे. आता वस्तीतल्या शाळांकडे बघा. पीटीचा तास गणिताला गेलेला असतो, पाच वाजता फाटकाला कुलूप लागतं, आणि त्याच फाटकाबाहेर गल्लीत पोरं दुचाक्यांच्या मधून क्रिकेट खेळतात.

ते कुलूप सहा ते आठ उघडा. निदेशकाला त्या दोन तासांचं वेगळं मानधन द्या. साहित्य काय लागतं? लगोरीचे सात दगड, एक दोर, आखणीला फक्की. आट्यापाट्या तर आपल्या विदर्भाचा खेळ, त्याला रेघांशिवाय काही लागत नाही. पाटी धरणारा आणि हूल देऊन सुटणारा, दोघांचाही पंधरा मिनिटांत घाम निघतो. मोबाइल आठवत नाही.

एक मात्र दिघोरीकरांना सांगतो. सगळं सरकारनंच करावं हा आपला जुना स्वभाव नव्हता. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूनं तिथे देशी खेळ दाखवले होते. तेव्हा तर परक्यांचं राज्य होतं.

नंदनवनची

सर, काका, तुम्ही सगळे लहान मुलांबद्दल बोलताय. मी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, एकूण ५० गुण. मैदानीत अर्ध्या गुणानं मुली बाहेर पडतात.

धावायचं कुठे? विभागीय क्रीडा संकुल मानकापूरला. नंदनवनहून शहर ओलांडून जायचं, आणि मेट्रो मानकापूरला जात नाही. म्हणून आम्ही पहाटे रस्त्यावर धावतो, ट्रक चुकवत. जवळचं मैदान आहे, पण तिथे दिवा नाही आणि संडास नाही. मुलगा कुठेही आडोसा बघतो. मुलगी पाणीच पीत नाही, आणि पाणी न पिता नागपूरच्या मे महिन्यात धावून बघा.

म्हणून 'लोखंड नको, माणूस द्या' हे मला पटत नाही. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सकाळी सातनंतर आणि संध्याकाळी सातच्या आधी मैदानात उभं राहवत नाही. उरते ती अंधाराची वेळ. म्हणजे दिव्याचा खांब हाच इथला पहिला मार्गदर्शक. आणि दिवे लावले तरी मैदान आपोआप सगळ्यांचं होत नाही. पूर्ण मैदानभर मुलांच्या चार-चार क्रिकेट मॅच एकमेकांत घुसलेल्या असतात. कडेनं धावावं तर चेंडू लागतो, वर शेरे ऐका. एक तास मुलींचा, असं फलकावर लिहून तो पाळून घेणारं कुणीतरी लागेल. तिथे मात्र मला काकांचा पगारी माणूस हवा आहे.

बॉक्सवाला

माझं टर्फ आहे, म्हणजे भाड्यानं द्यायचं बॉक्स क्रिकेटचं मैदान, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. दिवे आहेत, संडास आहे, पाणी आहे, सीसीटीव्ही आहे. मुलींच्या टीम येतात. यातलं एकही काम सरकारनं केलेलं नाही. सरकारनं एक बरं केलं, सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला. अजून काही करायचं असेल तर पैसे पालकाच्या हातात द्या. आइसलँडची राजधानी रेक्याविक २००७ पासून ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाच्या नावानं छंद-खेळासाठी वार्षिक रक्कम ठेवते. पालकानं क्लब निवडायचा, पैसे क्लबला जातात. तसं कार्ड काढा. नेमणूक नको, भाचा नको. ज्याच्याकडे पोरं टिकतील त्याला पैसे.

दिघोरीकर

बॉक्सवाले भाऊ, शिव्या कशाला. पण रेक्याविकचं अर्धंच सांगितलंत. तिथे कार्ड आलं त्याआधी नगरपालिकांनी पैसा घातलेली मैदानं, हॉल आणि शिकलेले प्रशिक्षक वस्तीवस्तीत होते. शिवाय सबंध देशाची लोकसंख्या ४ लाखांच्या आसपास, आपल्या दोन-चार झोनमध्ये मावेल. वाठोड्याच्या पोराला कार्ड दिलं तर ते वठवायला तो कुठे जाणार? जिथे टर्फ आहे तिथलीच पोरं ते वापरतील. आणि तुमच्याकडे बुकिंग टीम करते. टीम नसलेलं, बॅट धरता न येणारं आठ वर्षांचं पोरगं तुमच्या फाटकातून आत येतं का? मला ते पोरगं हवं आहे.

नंदनवनच्या ताईचं दिव्याचं म्हणणं मान्य. नव्या कमानीचे पैसे खांबात घाला. तो मालमत्तेतच मोडतो, कुठल्याही निधीतून होईल.

नकाशातला

तुम्ही मैदानावर कोण उभं राहणार यावर भांडताय. मैदान राहणार का, ते बघा आधी.

विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं म्हणजे मैदान झालं असं नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा १९६६, कलम १२७. आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही की आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द. नोटिशीवर पालिका 'निधी उपलब्ध नाही' म्हणते आणि दोन वर्षांनी तिथे 'लक्झुरियस टू अँड थ्री बीएचके' चा फलक लागतो. सगळं कायदेशीर. ५७२ आणि १९०० ले-आऊटच्या (आधी अनधिकृत वसलेल्या) भागांत तर आराखडा नंतर पोचला, घरं आधी. तिथे मोकळी जागा नकाशावर शोधावी लागते, मग जागेवर जाऊन पुन्हा शोधावी लागते.

जी मैदानं उरली त्यांचं काय करतो आपण? कस्तुरचंद पार्कवर सभा आणि प्रदर्शनं. रेशीमबागेत मेळावे. यशवंत स्टेडियम म्हटलं की हिवाळी अधिवेशनातले मोर्चे आठवतात. क्रीडा चौकातल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर सांस्कृतिक महोत्सवाचा मांडव पडतो (चौकाचं नाव तेवढं खेळाचं). मांडव निघाला की खिळे, सुतळ्या आणि खड्डे उरतात. त्या जमिनीवर अनवाणी खो-खो खेळून दाखवा.

माझ्या मते पहिला रुपया संपादनाला. माणूस नंतरही नेमता येतो, गेलेली जागा परत येत नाही.

मानेवाड्याची आई

महोत्सव म्हटलं की सगळे नाकं मुरडतात, म्हणून लिहिते. खासदार क्रीडा महोत्सव २०१८ पासून होतोय. माझी मुलगी त्यात पहिल्यांदा गर्दीसमोर धावली. पदक मिळालं. त्याआधी तिचे बाबा 'दहावीला खेळ कशाला' म्हणायचे. पदक शोकेसमध्ये लागलं आणि बुटांचे पैसे निघाले. खेळाच्या सवलतीचे गुण बोर्डात मिळतात हेही आम्हाला तिथेच दुसऱ्या एका आईनं सांगितलं. झगमगाट, गाणी, पाहुणे, सगळं असू द्या. कुणीतरी बघतंय हे पोरांना कळलं पाहिजे.

पीटीचे सर

ताई, स्पर्धा हवीच. पण स्पर्धेला तीच येतात ज्यांना आधी कुणीतरी धावायला लावलेलं असतं. तुमच्या मुलीला शाळेत शिकवणारं कुणी होतं ना?

मानेवाड्याची आई

होते. शिपाई होते शाळेतले. जुने कबड्डीपटू. पीटीच्या सरांची जागा रिकामीच होती.

काहूनभाऊ

घ्या! शासनाचा निदेशक कागदावर, अन् काम शिपायानं केलं. त्यालेच मानधन द्या ना बाप्पा.

हिशेबी

द्या. मी खरंच म्हणतोय, द्या. हाच माझा मुद्दा होता. पद निर्माण करू नका, काम झालं की पैसे द्या. एका प्रभागात वर्षभर करून बघा. किती मुलं आली याची नोंद पालकांच्या सहीनं, दर महिन्याला शाळेच्या दारावर लावलेली. नोंद नाही तर पैसे नाहीत. एवढं असेल तर माझ्या घरपट्टीतून जाऊ द्या. पण कुणी 'योजना' हा शब्द काढला की माझा पाठिंबा संपला.

दिघोरीकर

मग मे महिन्यात पोरं मामाच्या गावाला गेली की त्या माणसानं काय खायचं? पावसात मैदान तुंबलं तर? कामाप्रमाणे पैसे म्हणजे जुलैत तो माणूस दुसरीकडे वॉचमन म्हणून लागेल आणि दिवाळीनंतर परत येणार नाही. बारा महिन्यांचं मानधन हवं, थोडं का असेना.

हिशेबी

मग पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात सूर्यनमस्कार घेऊ द्या. नोंदवही तीच. यात मी मागे हटणार नाही.

नंदनवनची

तुमचं ठरेपर्यंत आमची भरती निघून जाईल. नंदनवन, हसनबाग, वाठोडा या भागात संध्याकाळी सहानंतर उघडं असलेलं, दिवा असलेलं एखादं शाळेचं मैदान कुणाच्या माहितीत असेल तर सांगा. आम्ही सात मुली आहोत. ४ किलोचा गोळा, टेप आणि फक्की आमची आमची आहे.

पीटीचे सर

हसनबागेकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक माझे विद्यार्थी आहेत. उद्या सकाळी जाऊन विचारतो. किल्ली मिळाली तरी दिव्याचं बिल ते मागतील, त्याची तयारी ठेव.